नव्व्याण्णवांतलं मेंढरू

येशूचे दाखले शिकवावेत तर सरांनीच, असं सगळं धर्मविद्यालय मानत असे. निदान सरांचा तसा ठाम समज होता. बावीस वर्षं ते होऊ घातलेल्या पाळकांना नवा करार शिकवत होते. सर बोलत, वर्ग लिहून घेई. मध्येच कुणी हात वर केला, तर तो खिडकी लावू का एवढंच विचारायला!

आणि मग देवाणघेवाणीच्या योजनेतून समुद्रापलीकडच्या विद्यालयातले एक पाहुणे मास्तर तीन महिन्यांसाठी येऊन दाखल झाले. भाषा मोडकी, कोट ढगळ आणि टिपणांची वही नाहीच. त्यांचा वर्ग व्हरांड्याच्या पलीकडे, सरांच्या अगदी नाकासमोर भरे. तिथे रोज विद्यार्थीच बोलत. पूर्वी नर्स असलेल्या बाई बोलत, पूर्वी बस चालवणारे ड्रायव्हरकाका बोलत, आणि हे गृहस्थ मान डोलवत ऐकत बसत. शिकवायला बोलावलेला माणूस ऐकत बसतो, आणि वर्ग म्हणे संपूच नये असं वाटतं!

सरांच्या पोटात दुखायला लागलं. घरी मन मोकळं करावं, तर बायको म्हणाली, "किती साधा माणूस आहे हो. परवा चहाला आले, तर आपली कपबशी स्वतः विसळून ठेवली." लग्न झाल्यापासून सरांनी कपबशी विसळली नव्हती. तो विषय त्यांनी तिथेच मिटवला.

असे दोन महिने गेले, आणि प्राचार्य बातमी घेऊन आले. गुरुवारी बिशपसाहेब सरांच्या वर्गात बसणार होते, आणि पुढचं वर्षभर सरांना पाहुण्यांच्या विद्यालयात पाठवायचं की नाही, ते त्याच दिवशी ठरणार होतं. ह्या एका संधीसाठी सर किती वर्षं डोळे लावून बसले होते! प्राचार्यांनी हळूच सुचवलं, की दुसऱ्याकडून शिकायची तयारी दिसली, तर काम झालंच म्हणून समजा.

तयारी? पाहुण्यांचीच पद्धत पाहुण्यांपेक्षा झकास करून दाखवतो, असं सरांनी मनाशी ठरवून टाकलं.

मंगळवारी ते व्हरांड्यातला फलक वाचत उभे राहिले. फलकावर एकच सूचना होती, ती त्यांनी वीस मिनिटं वाचली. आत पाहुण्यांनी उतारा वाचला, पुस्तक मिटलं आणि हात बांधून गप्प बसले. दोनेक मिनिटांनी नर्सबाई आपण होऊन बोलू लागल्या. म्हणजे नुसतं गप्प बसायचं! एवढ्याशा गोष्टीचा केवढा बोलबाला! सर पुढचं बघायला थांबलेच नाहीत. पाहुणे आदल्या दिवशीच प्रत्येकाला विचार करायला एक प्रश्न देऊन ठेवतात, हे त्यांना कळलंच नाही.

गुरुवारी शेवटच्या बाकावर बिशपसाहेब, शेजारी प्राचार्य आणि पाहुणे. सरांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला वाचला. मेंढपाळ नव्व्याण्णव मेंढरं रानात सोडतो आणि एका हरवलेल्याला शोधायला जातो. वाचून झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि हात बांधले.

अकराही विद्यार्थी पेन उघडून तयार होते. सर बोलेनात. विद्यार्थी का बोलतील? बावीस वर्षांत ह्या वर्गात कुणाला काही विचारलं होतं?

तीन मिनिटं गेल्यावर बिशपसाहेबांना वाटलं, मूक प्रार्थना सुरू झाली. त्यांनी गुडघे टेकले. ते पाहून प्राचार्यांनी टेकले, पाहुण्यांनी टेकले, मग अख्ख्या वर्गाने, आणि काहीच न सुचून सरांनीही!

आता घोळ असा झाला, की ही प्रार्थना संपवायची कुणी? वर्ग सरांचा, तेव्हा 'आमेन' तेच म्हणतील, म्हणून बिशपसाहेब थांबले. बिशपसाहेबांच्या आधी उठणं बरं दिसणार नाही, म्हणून सर थांबले. प्राचार्य दोघांसाठी थांबले. वीस मिनिटं गेली. घंटा झाली. पानं वाढू का, म्हणून विचारायला स्वयंपाकीणबाई दारात आल्या, आणि हातातल्या डावासकट त्याही गुडघ्यांवर आल्या.

सरांनी एक डोळा किलकिला केला. पाहुणे ताठ! चेहऱ्यावर सुरकुती नाही. सर त्यांच्याहून ताठ झाले, आणि पोटरीत असा काही गोळा आला, की दोन महिन्यांचं साठलेलं सगळंच वर आलं.

"आणि त्या नव्व्याण्णवांचं काय?" सर बोलून गेले. "ती कधी हरवली नाहीत, म्हणून त्यांना कुणी विचारायचंच नाही? बावीस वर्षं एक मेंढरू मुकाट कळपात उभं आहे. कुठून तरी एक नवं येतं, आणि सगळे त्याच्या मागे. हेवा वाटतो मला. रात्र रात्र झोप लागत नाही."

संपलं सगळं, असं सरांना वाटलं.

"मला माझ्या धाकट्या भावाबद्दल असंच वाटतं," ड्रायव्हरकाका म्हणाले. मग नर्सबाई बोलल्या, मग सगळेच. स्वयंपाकीणबाईंनी थोरल्या जावेचं सांगितलं. प्राचार्यही एका जुन्या मित्राचं नाव न घेता बरंच काही बोलून गेले. सरांचा वर्ग पहिल्यांदाच बोलत होता आणि थांबायला तयार नव्हता.

बिशपसाहेब भारावून गेले. "मेंढराच्या तोंडून बोलायची काय सुरेख कल्पना! दोन महिन्यांत पाहुण्यांकडून तुम्ही इतकं शिकलात, मग तुम्हाला तिकडे पाठवायचं कशाला? त्यापेक्षा ह्यांनाच आणखी तीन वर्षं इथे ठेवून घेऊ."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सरांनीही वाजवल्या. बिशपसाहेब बघत होते, करतात काय!

पांगापांग झाल्यावर पाहुणे बाकाला धरून लंगडत आले. "पाय गेले माझे," ते म्हणाले. "तुम्ही ताठ, म्हणून मी पण ताठ. खरं सांगतो, दोन महिने मला तुमचा हेवा वाटतो. तुमचं सगळं मुलं लिहून घेतात. माझं कोणी एक अक्षर लिहीत नाही."

सरांनी त्यांना आधार देऊन खुर्चीत बसवलं. परदेश हुकला होता, पाहुणे तीन वर्षं छातीवर बसणार होते, आणि तरी सरांना बरं वाटलं. पाळक घडवणाऱ्या माणसाला वाटू नये, इतकं बरं वाटलं.