चारशे तेरावी वस्तू

कागदपत्रांच्या बाबतीत माझा हात धरणारा माणूस कॅनडातल्या या अख्ख्या रेजिना शहरात सापडणार नाही! हे मीच सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. नागपूरहून इथे आल्याला तीन वर्षं झाली, आणि या तीन वर्षांत मी फॉर्म भरण्यापलीकडे काही केल्याचं आठवत नाही. दमलोय हो!

आमच्या प्लँटमध्ये परदेशातून खनिज येतं. ते दळायचं, धुवायचं आणि पुन्हा परदेशी पाठवायचं. यंदा, म्हणजे २०१९ साली, या प्लँटला फॉरेन ट्रेड झोनचा दर्जा मिळवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. हा दर्जा मिळाला की माल कॅनडात येऊनही आलाच नाही असं सरकार धरतं आणि ड्यूटी घेत नाही. म्हणजे सून सासरी नांदतेय, पण सगळ्यांनी ती माहेरीच आहे म्हणायचं!

आमचा मॅनेजर ग्लेन भला माणूस, पण तोंडावर बोलणारा. "सूर्या, दर्जा मिळाला तर प्लँट चालेल. नाही मिळाला तर डिसेंबरनंतर तुझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही. सॉरी!" कॉन्ट्रॅक्ट गेलं की पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज गेला. मग मी आणि वीणा बॅगा भरून नागपूरला परत!

चार महिने मी यादी केली. कुंपणाच्या आतली प्रत्येक वस्तू कुठून आली, कशासाठी आली, सगळं. एकूण चारशे बारा वस्तू! कस्टम्सचं इन्स्पेक्शन ठरलं बुधवारी.

रविवारी वीणा म्हणाली, "उद्या खंडेनवमी. दळणाच्या नव्या मशीनची पूजा न करता इन्स्पेक्शन करून घेणार? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, कस्टम्सचं कुंपण आहे ते!"

"मग देवाला काय व्हिसा लागतो?"

तिने कुठून तरी शेंडीचा नारळ पैदा केला. सोमवारी लंच टाइममध्ये मी गुपचूप दळणाच्या मशीनला हळदकुंकू वाहिलं, समोर नारळ ठेवला, हात जोडले. नारळ लगेच उचलायचा नाही, दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा करूनच हलवायचा, असं तिने बजावलं होतं. म्हटलं, इन्स्पेक्शन बुधवारी आहे, मंगळवारी सकाळी उचलू. काय बिघडतंय!

मंगळवारी सकाळी पोचतो तर दारात कस्टम्सच्या मिसेस कोवालचुक उभ्या! "उद्या बर्फ सांगितलाय," त्या म्हणाल्या, "म्हणून आजच आले."

बाई हातात माझीच यादी घेऊन टिक करत निघाल्या. मशीनपाशी थांबल्या.

"यादीत चारशे बारा आहेत. ही चारशे तेरावी वस्तू काय आहे?"

मी तोंड उघडायच्या आत ग्लेन मदतीला धावला. "दळणाचा गोळा! मशीनमध्ये टाकतात तो!"

"त्याला केस का आहेत?"

ग्लेन माझ्याकडे बघायला लागला. मी खरं सांगून टाकलं. बाईंनी शांतपणे ऐकलं. नंतर म्हणाल्या, "सुंदर प्रथा आहे. कंट्री ऑफ ओरिजिन?"

मी वीणाला फोन लावला. "नारळ कुठला गं?"

"ग्रोसरीतला! का, खवट निघाला?"

"देश सांग, देश!"

तिने दुकानदाराला झोपेतून उठवलं. दहा मिनिटांनी उत्तर आलं : श्रीलंका.

"हा माल इथे साठवणार, परत पाठवणार, की त्यावर प्रक्रिया करणार?" बाईंनी विचारलं.

आता श्रीलंकेला नारळ परत पाठवायचा म्हणजे आणखी अकरा फॉर्म! घाबरून मी म्हणालो, "प्रक्रिया!"

"छान. मग करून दाखवा."

घाईघाईत उत्तरपूजा केली, हेल्मेट घातलं, गॉगल लावला आणि आम्ही पाच किलोच्या हातोड्याने नारळ फोडला. पाणी सांडलं तर सांडपाण्याचा रिपोर्ट, म्हणून खाली घमेलं! करवंटी, खोबरं, पाणी, सगळ्यांची वजनं झाली. तर फोडायच्या आधी केलेल्या वजनापेक्षा चाळीस ग्रॅम कमी! बाई माझ्याकडे बघताहेत, मी ग्लेनकडे बघतोय. ग्लेनचं तोंड हलत होतं.

"सॉरी," तो म्हणाला. "इट्स सो गुड!"

संपलं, मी मनात म्हटलं. तीन वर्षांची मेहनत याच्या दाढेखाली गेली! मला खरंच रडू येत होतं. बाईंनी काहीतरी लिहिलं, आणि हो, एक तुकडा मागून घेतला. त्याचंही वजन केलं.

त्यानंतर सहा आठवडे मला धड झोप नाही. वीणाने बोलणं बंद केलं नाही, एवढीच काय ती शिक्षा. शेवटी पत्र आलं. दर्जा मंजूर! आत आलेल्या वस्तूचा पार पोटापर्यंतचा हिशेब देणारा प्लँट आपण प्रथमच पाहिला, असा बाईंचा शेरा होता. ग्लेनने मला मिठी मारली. कॉन्ट्रॅक्ट आणखी दोन वर्षांसाठी वाढलं, पीआरसाठीचं पत्र त्याने जागेवर सही करून दिलं. घरी येऊन वीणाच्या गळ्यात पडून मी चक्क रडलो.

पत्राला एकच अट होती. यापुढे कुंपणाच्या आत जाणाऱ्या खाण्याच्या प्रत्येक पदार्थाची, देशासकट, नोंद व्हावी. नोंद करायला माणूस कोण? अनुभवी फक्त मीच!

तेव्हापासून रोज सकाळी सात वाजता, उणे तीस डिग्रीत, मी गेटवर उभा राहून स्वतःचाच डबा तपासतो. बटाटा कॅनडा, कांदा अमेरिका, जिरं भारत, मिरची मेक्सिको!

काल रात्री वीणाने प्रेमाने विचारलं, "उद्या डब्यात काय देऊ हो?"

"काहीही दे गं," मी म्हणालो, "पण एकाच देशाचं दे!"