कनाटाचं तिसरं मत

आजवर कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा. दातारकाकांना मी पाडलं.

दातारकाका म्हणजे आमचे शेजारी. ओटावाजवळच्या कनाटा या उपनगरात राहून अमेरिकेच्या राज्यघटनेची राखण करणारा हा स्वयंघोषित गुरखा. मी फावडं घेऊन ड्राइव्हवेवरचा बर्फ शोव्हल करायला लागलो की मफलर गुंडाळून हजर. "मिलिंद, लोक प्रेसिडेंट निवडतच नाहीत! निवडतात इलेक्टर, आणि ते निवडतात प्रेसिडेंट. पाचशे अडतीस! समजलं?" दर हिवाळ्यात मला समजायचं. स्वतः मात्र त्यांनी फावड्याला कधी हात लावला नाही.

दोन हजार साली अमेरिकेच्या निवडणुकीत फ्लोरिडाची मतमोजणी अडकली आणि हे वेड आमच्या मराठी मंडळात शिरलं. जेमतेम दीडशे टाळकी, पण काकांनी घटना लिहिली: प्रत्येक उपनगराने इलेक्टर पाठवायचे, एकूण सात. अध्यक्ष पस्तिशीपुढचा हवा, ओटावात चौदा वर्षं राहिलेला हवा. काकांची भरली होती बारा! स्वतःच्याच कलमाने बाद होऊन हा गृहस्थ दोन वर्षं मुकाट थांबला. आम्ही पोट धरून हसलो.

मग काका अध्यक्षपदाला उभे राहिले. कनाटाने कौल त्यांना दिला, म्हणजे कनाटाचे तिन्ही इलेक्टर त्यांचे. तिसरा मी. शेजारच्या नेपियन उपनगराचा एक धरून सातात चार, विजय पक्का. समोसे खाऊन चिठ्ठ्या टाकल्या. मी दुसरं नाव लिहिलं. कारण? इतक्या हिवाळ्यांची प्रवचनं. बस, एवढंच. काका एका मताने पडले.

त्यांना घरी सोडायला मीच गेलो. त्यांनी अमेरिकेत, क्लीव्हलंडला, लेकीला फोन लावला. ती तिथेच जन्मलेली. "आमच्या घरात प्रेसिडेंट व्हायला फक्त तीच चालते," असं काका मिरवायचे. सहा वर्षांत ती आली नव्हती. बाबा अध्यक्ष झाले तर गणपतीच्या आरतीला येईन, म्हणाली होती.

"अगं, तिकीट नको काढूस. नाही झालो."

"ओह, बाबा. नेक्स्ट टाइम, ओके?"

फोन ठेवून ते मला बेसमेंटमध्ये घेऊन गेले. तिच्यासाठी गादी घातलेली होती, नवी चादर. "जरा टोक धर रे." मी धरलं. आम्ही गादी गुंडाळली.

"कोण फुटलं असेल, काका?" मी निर्लज्जपणे विचारलं.

"कोणी का असेना. इलेक्टरला त्याचं मन असतं, म्हणून तर माणूस पाठवायचा. नाहीतर पोस्टाने चिठ्ठी चालली असती."

हल्ली त्यांचाही ड्राइव्हवे मीच शोव्हल करतो. त्याने काही फिटत नाही. त्यांच्या तोंडावर बोलायचं एक वाक्य मी अजून देणं लागतो: काका, ते मत माझं होतं.