सोन्याच्या खाणीची किल्ली

सकाळचे ऊन त्या खोलीत एकदम येत नसे. आधी ते समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीवर बसे, मग गच्चीच्या कठड्यावरून हळूहळू घसरत खाली येई, आणि कुणी बघत नाही ना याची खात्री करून घेतल्यासारखे खिडकीच्या डाव्या गजाआडून एक पाय आत टाकी. प्रथम त्याला भेटे तो शिवणाच्या टेबलाचा कोपरा. तिथे खडूची पूड सांडलेली असे; ऊन तिच्यावर थोडे रेंगाळे. मग मोजपट्टीवरचा एकेक आकडा वाचत, टाचण्यांच्या डबीत डोकावून, ते अखेर जुन्या शिलाई मशीनच्या चाकापाशी येऊन थांबे. त्या चाकाचा काळा रंग ताईच्या तळहाताने वर्षानुवर्षे पुसून काढला होता. आतला धातू उघडा पडला होता, आणि त्याच्यावर ऊन पडले की तेवढीच चकती क्षणभर सोन्याची होई.

तो रोज अंथरुणात पडल्या पडल्या ही चकती बघे. पूर्वी ती त्याला उदास करी. अलीकडे मात्र ती बघून तो मनातल्या मनात हसत असे. कारण त्या अख्ख्या गल्लीत तो एकटाच असा होता, की सोन्याच्या खाणीचा एक तुकडा ज्याच्या मालकीचा होता!

"सोनं काय, कोणीही घेतं," असा त्याचा सिद्धान्त होता. "दूध घेणारे पुष्कळ, शहाणा तो, जो गाय घेतो!" खरे सांगायचे तर सिद्धान्त शेअर दलालाचा होता, त्याने फक्त तो पाठ केला होता. दलाल इतक्या हळू आवाजात बोले, की तो खोटे बोलत असेल अशी शंकाच येत नसे. त्याने दिलेल्या गुळगुळीत पुस्तिकेवर एक डोंगर होता, डोंगरामागून सूर्य उगवत होता, आणि मागच्या पानावर खाणीचा पत्ता होता. पत्ता असलेली वस्तू खोटी कशी असेल?

हे सारे अधिक आश्चर्याचे, कारण संशय घेण्याचा त्याला पगार मिळत होता. नकाशे छापणाऱ्या एका छापखान्यात तो मुद्रितशोधक होता. नदी समुद्राला मिळते की वाटेतच आटते, सीमारेषेतला एखादा ठिपका गळला की काय, हे भिंगातून बघण्यात त्याचा दिवस जाई. बोलणे इतके हळू, की मशीन विभागातली मंडळी त्याला 'बारीक टाइप' म्हणत. शेअर घेण्यापूर्वी त्याने पलीकडच्या डोंगराळ प्रांताचा नकाशा काढून खाणीची जागा बघितलीही होती. नकाशे काय, जुने असतात, असे म्हणून त्याने तो पुन्हा गुंडाळून ठेवला होता.

पैसे ताईचे होते. आईवडिलांमागे तिने याच मशीनवर त्याला शिकवले, वाढवले. आता मशीन टाके गाळू लागले होते आणि तिच्याकडे एका शाळेच्या गणवेशांचे मोठे काम आले होते. शाळा उघडायच्या आत ते दिले नाही, तर ते काम दुसऱ्या शिंप्याकडे जाणार होते. नव्या मशीनसाठी साठवलेले पैसे तिने त्याच्या हातात ठेवले, कारण तो शिकलेला! महिनाभरात शेअर वर जातील, मग मशीन घेऊ, वर विजेची मोटर बसवू, ताईचा पाय पायडलवरून उतरेल. इतका सुरेख बेत त्याने आयुष्यात दुसरा केला नव्हता; फक्त ताईला तो सांगितला नव्हता.

आणि त्याच महिन्यात पलीकडच्या प्रांतातल्या खाण कामगारांनी संप पुकारला!

दलालाला फोन केला, तर तो नेहमीपेक्षाही हळू बोलला. "काय करणार, साहेब? मजूर खाली उतरले तर सोनं वर येणार ना!"

"पण संप कधी मिटेल?"

"मंत्री म्हणतात, चिघळला तर सगळ्या खाणी सरकारजमा करू. तुम्ही आता फक्त बातम्यांवर लक्ष ठेवा."

त्याने लक्ष ठेवले. कसले लक्ष! मांजर उंदराच्या बिळावर ठेवत नसेल असे. वर्तमानपत्रातली संपाची प्रत्येक बातमी तो कापून कचेरीतल्या खणात ठेवी आणि तिच्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघा ओढी. समासात त्याने लिहिले होते: 'अन्याय!' आणखी एका ठिकाणी: 'किती दिवस सहन करायचे?' त्याला आता सगळ्यांचा संशय येऊ लागला. कामगार मुद्दाम त्याच्याच खाणीवर टपले आहेत. मंत्र्याने आपले नाव भागधारकांच्या यादीत पाहिले आहे. चहावाला पेला ठेवताना हसला, तो का हसला? संशय घेतला नाही तो फक्त त्या गुळगुळीत पुस्तिकेचा.

एके दिवशी जेवून तो जागेवर परतला, तर खण उघडा! समोर मशीन विभागाचे फोरमन उभे. समोर सगळे त्यांना मामा म्हणत, पाठीमागे भोंगा. कामगार संघटनेचे ते चिटणीस होते आणि त्यांनी कानात सांगितलेले गुपित रस्त्यापलीकडे ऐकू जाई. तांबडी पेन्सिल शोधायला आले होते, आणि त्यांच्या हातात कात्रणांचा गठ्ठा होता.

"बारीक टाइप! हे काय आहे?"

"मामा... ते... खासगी आहे."

"खासगी? अरे, खाण कामगाराचं दुःख तू खासगी मानतोस? वा! 'अन्याय!' म्हणे. 'किती दिवस सहन करायचे?' आम्ही नुसते भाषणं ठोकतो, आणि हा पठ्ठ्या कोपऱ्यात बसून एकटा रक्त आटवतोय!"

"मामा, तुमचा गैरसमज..."

"गप्प बस! आम्हाला सगळं कळलंय."

 सगळे? शेअरसुद्धा? मामांच्या डोळ्यांत पाणी होते. पण मामांच्या डोळ्यांत शाईच्या वासानेही पाणी येई, त्यामुळे काही अंदाज बांधता येईना.

"आपल्या संघटनेतर्फे त्यांना पाठिंब्याचं पत्र जाणार," मामा म्हणाले. "लिहिणार तू. आणि पत्ता शोधायलाही नको. पत्ता तर तू काढूनच ठेवलायस!" त्यांनी गठ्ठ्यातली गुळगुळीत पुस्तिका उलटी करून मागचे पान त्याच्या नाकासमोर धरले.

मामांनी पुस्तिका सुलटी करण्यापूर्वीच तो 'हो' म्हणाला.

त्या पत्रावर त्याने जितकी मेहनत घेतली, तितकी कुठल्या प्रेमपत्रावरही घेतली नसती. अर्थात तशी वेळ कधी आली नव्हती. पत्र पाठिंब्याचे दिसावे, पण वाचून कामगारांनी निमूट कामावर परत जावे, अशी ती कसरत होती. 'बंधूंनो, संप हे हत्यार आहे. हत्याराचा धाक ते म्यानात असेपर्यंतच असतो. आपले म्हणणे साऱ्या जगाला पटले आहे. तरी आता कृपया खाणीत उतरावे.' इतके सभ्य पत्र वाचून कोण उतरणार नाही?

मामांनी ते मशीन विभागात उभे राहून वाचले. शेवटच्या वाक्याशी ते अडखळले.

"ही नम्रता बरी नव्हे. पोरगं लाजतंय." असे म्हणून त्यांनी ते वाक्य खोडले आणि त्याच्या जागी स्वतःच्या ठसठशीत अक्षरांत लिहिले: 'एक माणूस जरी उरला, तरी संप सोडू नका!'

टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की कपाटावरचा पृथ्वीचा गोल अर्धा फिरला. कुणीतरी त्याला खांद्यावर घ्यायला निघाले. तो टेबलाखाली पडलेले भिंग शोधू लागला, म्हणून वाचला. आणि त्याच आवेशात पाठिंबा म्हणून अर्धा दिवस मशीन बंद ठेवायचे ठरले! स्वतःच्या खाणीविरुद्ध स्वतःच संप करणारा भागधारक इतिहासात दुसरा झाला असेल, तर त्याला भेटायची त्याची फार इच्छा होती.

दुसऱ्या दिवशी व्यवस्थापकसाहेबांनी बोलावले. साहेबांचा चेहरा पावडर फासल्यासारखा पांढरा पडला होता.

"तू? तू पुढारी झालास? माशी उडवताना 'माफ करा' म्हणणारा माणूस तू! तुझा आणि त्या खाणीचा संबंध काय?"

"काही नाही, साहेब." एवढ्यात त्याची नजर टेबलावर कागद दाबून ठेवणाऱ्या काचेच्या जड गोळ्याखाली गेली. तिथे एका पुस्तिकेचा कोपरा दिसत होता. कोपऱ्यात डोंगर होता, आणि त्यामागून सूर्य उगवत होता. त्याच्या तोंडून निघून गेले, "तुमचा?"

"माझा? माझा कशाला असेल!" साहेबांनी घाईने वर फाइल ओढली.

एकाच वैदूच्या दारात समोरासमोर आलेल्या दोन रोग्यांसारखे ते एकमेकांकडे बघत राहिले. मग साहेब खाकरले. "जा. आणि... संप लवकर मिटेल असं काही लिही ना रे!"

घरी वेगळाच संशय शिजत होता.

"छोट्या, मशीनचं काय झालं?" ताईने दोरा दाताने तोडत विचारले.

"संपामुळे अडकलंय."

"मशीनच्या कारखान्यात संप आहे?"

"संप आहे."

"कारखान्यात?"

"साधारण."

"साधारण म्हणजे काय रे? तीन महिन्यांत पोर मान धरायला लागतं, तुझं मशीन अजून निघेना!"

दोन दिवसांनी ती दारातच उभी होती. शेजारच्या काकूंचा भाचा छापखान्यात बांधणी विभागात होता. सगळी कथा टाचून, बांधून, पुठ्ठा लावून घरपोच झाली होती.

"खरं सांग. तू पुढारी झालायस?"

"तसं नाही, ताई..."

"आणि माझे पैसे. ते तू त्या संपवाल्यांना दिलेस ना?"

त्याने जुन्या मशीनकडे बघितले. नाही म्हणावे, तर मग कुणाला दिले हे सांगावे लागणार. तो गप्प राहिला. त्या घरात गप्प राहणे म्हणजे होच असे.

तो शिव्यांची वाट बघत होता. ताईने पदराने डोळे टिपले. "बाबा असेच होते. दुसऱ्याच्या घराला आग लागली की आपली बादली घेऊन धावायचे. वेडा रे वेडा!" मग ती गणवेशांचा ढीग ओढून बसली. "हरकत नाही. काजं मी हातानं करते. मशीनला तेवढाच आराम. रात्रंदिवस बसले तर अर्धे तरी होतील."

तिने एक थोबाडीत ठेवून दिली असती, तर त्याला बरे वाटले असते. त्या आठवड्यात तिची बोटे सुईने सोलून निघाली, आणि तो तिच्या शेजारी बसून बटणे लावीत राहिला. नि प्रत्येक बटण लावताना संप मिटावा म्हणून मनातल्या मनात हात जोडीत राहिला.

रविवारी सकाळी जिन्यातूनच आवाज आला. "उत्तर आलं! खाणीतून उत्तर आलं!"

मामा आत आले. हातात फुगीर लिफाफा होता. ताईने खुर्ची पुसून दिली.

"ताई, भाऊ म्हणजे हिरा आहे तुमचा! तुमच्यासमोरच फोडायचं ठरवलं." मामांनी लिफाफा फाडला, घसा साफ केला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे वाचू लागले.

"'सर्व खाण कामगार बंधूंना लिहिलेले आपले पत्र मिळाले. ते मी सर्वांना वाचून दाखवले. सर्व म्हणजे मी एकटाच आहे.'"

मामा थांबले. पुन्हा तेच वाक्य त्यांनी मनात वाचले.

"पुढे वाचा," ताई म्हणाली.

"'मी इथला पहारेकरी. इथे एक कुंपण आहे, एक पाटी आहे आणि मी आहे. खाण अजून खणलेली नाही. सोने आहे की नाही ते बघायला एक साहेब येणार होते, ते आले नाहीत. संप चालू आहे तो डोंगरापलीकडच्या खाणींत. त्यांना आम्ही कोण ते ठाऊक नाही. पाच महिने मला पगार नाही, पण काम सोडावे असे कधी मनात आले नव्हते. आपण लिहिलेत, की एक माणूस जरी उरला तरी संप सोडू नका. तो माणूस मीच, हे वाचताच कळले. आज सकाळपासून मी संपावर आहे. फाटकाला कुलूप लावून किल्ली सोबत पाठवतो. आपला कामगार बंधू.'"

लिफाफ्यातून एक गंजलेली किल्ली घरंगळली आणि टाचण्यांच्या डबीत जाऊन पडली.

 मग मामा, बहुधा जन्मात पहिल्यांदाच, कुजबुजले. "मी... निघतो हं. चहा राहू द्या." ते जिना इतक्या हळू उतरले, की उतरले हेही कळले नाही.

ताईने किल्ली उचलली, टोचलेले बोट चोखले आणि त्याच्याकडे बघितले.

"म्हणजे पैसे संपवाल्यांना नाही दिलेस."

"नाही."

"ह्या कुंपणाला दिलेस."

"खाणीचे शेअर होते, ताई. तुला मोटरवालं मशीन..."

"मोटर राहू दे." तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होते. "तू नकाशे तपासतोस ना रे? पोटासाठी तेवढंच करतोस ना? मग माझे पैसे देण्याआधी एकदा नकाशात बघावं, असं नाही वाटलं?"

"बघितलं होतं."

"मग काय होतं तिथे?"

ऊन एव्हाना चाकावर येऊन थांबले होते. 'नकाशा जुना होता' हे वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले. ते तीन महिने तिथेच मुक्कामाला होते. पण नकाशा त्याच वर्षीचा होता. खालच्या कोपऱ्यात 'तपासले, बरोबर' असे लिहून बारीक अक्षरात सही केलेली होती, आणि ती सही तो कुठेही ओळखू शकला असता.

"काहीच नव्हतं," तो म्हणाला. "आणि तो नकाशा मीच तपासला होता."