कुठेतरी नळ वाहतोय

"नळ बंद कर."

माझं सगळं लहानपण या हाकेवर वाढलं. बाहेरच्या खोलीत खुर्ची, खुर्चीत बाबा, बाबांसमोर उघडा पेपर. आत आईच्या हातात ताट आणि ताटावर पाण्याची धार. पहिली हाक पेपरामागून यायची, नुसता आवाज, माणूस नाही. दुसरी हाक पेपर खाली करून. आणि तिसरी हाक कधी यायचीच नाही, कारण दुसरीनंतर बाबा स्वतः उठायचे. खुर्ची करकरली की मी आणि आई दोघीही नळाकडे झेपावायचो!

बाबांचंही चुकत नव्हतं. ते पाणीखात्यात गळती शोधायला होते. लोखंडी सळईचं एक टोक रस्त्याला टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि जमिनीखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. भर बाजारात, भाजीवाल्यांच्या आरोळ्यांत ते डोळे मिटून उभे राहायचे आणि म्हणायचे, "इथे खणा." तिथे पाणी निघायचं. असा कान घरात असला की थेंबसुद्धा चोरून सांडता येत नाही.

आई मात्र घाबरणाऱ्यातली नव्हती. तिला ओव्या रचायचा नाद. पहिल्या हाकेला ती आतूनच गळा लावून उत्तर द्यायची:

थेंबभर माझं पाणी, त्याला वाटे आला पूर,
कान इथे नळापाशी, राजा बसे दूर दूर.

पेपरामागे बाबा हसायचे. पेपर हलायचा, म्हणून कळायचं.

गेल्या वर्षी आई गेली. मी नोकरीच्या गावी होते. बाबांनी फोनवर एकच वाक्य सांगितलं, "झटक्यात गेली, काही कळलंच नाही." भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तेच वाक्य, त्याच शब्दांत, जणू कुणीतरी पाठ करून घेतलं होतं. आणि त्या दिवसापासून हाक बंद झाली. स्वयंपाकघरातला नळ ठिबकत राहिला, खालच्या वाटीत टपटप पडत राहिला, आणि बाबा समोर बसून नुसते ऐकत राहिले. ते रडले असते तर मी इतकी घाबरले नसते.

अशात मला तीन महिन्यांची बदलीची नोकरी मिळाली. समुद्राजवळच्या एका खेड्यातला सरकारी दवाखाना. तिथली औषधं देणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. मी बाबांना बरोबर घेतलं आणि नातेवाइकांना छातीठोकपणे सांगून टाकलं, "मोकळी हवा, शांतता, पोटभर झोप. तीन महिन्यांत ठणठणीत करून परत आणते. औषधांतलं मला कळतं."

आत्या म्हणाली, "बघ हो." आत्याच्या 'बघ हो'मध्ये पुढचा सगळा वृत्तांत असतो, पण तो मला नेहमी मागाहून वाचता येतो.

घर चांगलं होतं. म्हणजे घराचा बेत चांगला होता. खाऱ्या हवेने त्याचं काय करायचं ते करून ठेवलं होतं. बरणीतलं मीठ पहिल्याच आठवड्यात पाणी होऊन बसलं. काडेपेटी ओली, टॉवेल ओला, पापड म्हणजे हातरुमाल. लाकडं इतकी फुगलेली की न्हाणीघराचं दार लावलं तर उघडायला खांदा लागायचा. अंथरुणात वाळू, चपलेत वाळू, आणि एकदा तर चपलेत एक खेकडा, जो माझ्याकडे असा बघत होता की पाहुणी मीच. समुद्र तेवढा दिसत नव्हता. मध्ये वाळूचा उंचवटा आणि त्यावर सुरूची दाट झाडं. त्यापलीकडून नुसता आवाज यायचा, न थांबणारा, एकसुरी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "कुठेतरी नळ वाहतोय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! बाबांनी पाण्याचं नाव काढलं होतं. मी म्हटलं, "बाबा, तो समुद्र आहे."

"समुद्र मला कळतो. समुद्र दम घेतो. हे दम घेत नाहीये."

"झाडांमुळे तसं वाटतं."

"नळ आहे," बाबा म्हणाले. "कुणीतरी उघडा टाकलाय."

आधी त्यांनी आमचे नळ तपासले. मग भिंती. मग परसातली पडकी गज-जाळी उपटून तिचा एक गज काढला आणि त्याची सळई केली. मी दवाखान्यातून आले तेव्हा बाबा घरमालकीण मावशींच्या भिंतीला सळई आणि सळईला कान लावून, डोळे मिटून उभे. मावशी शेजारच्याच घरात राहायच्या. त्या दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"तुझे वडील माझ्या भिंतीशी काय बोलतायत गं?"

मी घाईघाईने सांगितलं, "मावशी, ते पाणीखात्यात होते. जमिनीखालची गळती ऐकतात."

ही माझी पहिली चूक. मावशींचा चेहरा एकदम उजळला. "मला वाटलंच होतं. माझी टाकी रोज दुपारी रिकामी होते. मी म्हणत होते, पाणी कुठेतरी जातंय. आणि कुठे जातंय तेही मला माहीत आहे." असं म्हणून त्यांनी पलीकडच्या घराकडे पाहिलं. पलीकडच्या घराने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवसापर्यंत गल्लीत बातमी अशी झाली होती, की सरकारने पाणीचोरी पकडायला गुप्तपणे एक साहेब पाठवलाय आणि तो दवाखान्यातल्या बाईचा बाप म्हणून राहतोय. मग बाबांना बोलावणी येऊ लागली. जो तो म्हणे, आमच्याकडे ऐका, म्हणजे आमचं नाव साफ होईल. बाबा घरोघर जायचे, सळई लावायचे आणि दुःखाने मान हलवायचे. "इथे नाही." लोक हुश्श करायचे. बाबा मात्र प्रत्येक 'इथे नाही'बरोबर थोडे वाळायचे. जेवण दोन घासांवर आलं. झोप तर गेलीच. गालफडं बसली, शर्ट खुंटीवर टांगल्यासारखा अंगावर लोंबू लागला.

आत्या फोनवर म्हणाली, "परत आण त्याला." पण परत कुठे आणायचं? ज्या घरात नळ ठिबकत होता आणि बाबा नुसते ऐकत बसत होते, तिथे? मला वाटू लागलं, आई गेली, आणि आता बाबाही या आवाजामागून हळूहळू निघालेत. मी फक्त दारात उभी राहून बघतेय.

आणि मग मला युक्ती सुचली. दवाखान्यात एक आजी रोज यायच्या. दुखत काहीच नसायचं, पण गोळी मिळाल्याशिवाय जायच्या नाहीत. मी त्यांना जीवनसत्त्वाची एक लाल गोळी द्यायचे. आजी ती गिळून म्हणायच्या, "आता बरं वाटलं." बाबांनाही अशीच एक लाल गोळी द्यायची. नळवाल्याला बोलवायचं, खोटी दुरुस्ती करायची आणि सांगायचं, सापडला नळ, झाला बंद. मी माझ्यावरच इतकी खूश झाले की आत्याला फोन करून सांगणार होते. नाही केला. तेवढीच लाज वाचली.

नळवाले म्हणजे गावातले एकुलते एक. गळ्यात मफलर, हातात हातभर लांबीचा पाना. मी माझा बेत सांगितला. ते गंभीर झाले.

"म्हणजे, यायचं आणि काही करायचं नाही?"

"थोडं ठोकायचं. आणि हे जुनं वायसर दाखवून म्हणायचं, हे गेलं होतं."

"ताई, आजवर मला कुणी काही न करायला बोलावलेलं नाही. जमेल की नाही, सांगता येत नाही."

"त्यात न जमण्यासारखं काय आहे?"

"हाताला सवय नाही ना," ते म्हणाले.

सकाळी ते आले. बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीत, मांडीवर कालचा पेपर, कारण तिथे आजचा पेपर उद्या यायचा. पेपर उघडलेला नव्हता. मी मोठ्याने म्हटलं, "बाबा, यांना न्हाणीघरात गळती सापडलीय. आत्ता बंद करतात." बाबांनी मान वर केली. त्या डोळ्यांत जी आशा होती ती पाहून मला तिथल्या तिथे सगळं रद्द करावंसं वाटलं. पण नळवाले आत शिरले होते.

आत त्यांनी ठरल्याप्रमाणे ठोकलं. छान ठोकलं. मग ते नळाकडे बघत उभे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर, मिठाईच्या दुकानासमोर पथ्यावरचा माणूस उभा राहावा, तसे भाव आले.

"ताई, हा जरा सैल आहे."

"असू दे."

"अर्धा आटा फक्त."

"नको म्हटलं ना."

"तुम्ही तिकडे बघा," ते म्हणाले आणि त्यांनी पाना लावला.

खाऱ्या हवेने त्या पाइपाचा फक्त रंगच शिल्लक ठेवला असावा. कट्, एवढाच आवाज झाला. नळ पान्यासकट नळवाल्यांच्या हातात आला आणि भिंतीतून मनगटाएवढी धार सुटली ती थेट समोरच्या भिंतीवर! नळवाले हातातल्या नळाकडे बघून म्हणाले, "टाकीचा कॉक," आणि गच्चीकडे पळाले. जाताना त्या सभ्य गृहस्थांनी सवयीने दार ओढून घेतलं.

दार बसलं. फुगलेलं दार, आत मी आणि आत पाणी. मी टॉवेल कोंबला, टॉवेल उडाला. तळहात लावला, पाणी बोटांतून चारी दिशांना. वरून नळवाल्यांचा आवाज आला, "कॉक गंजलाय, हलत नाही." बाहेरून मावशींचा आवाज, "सापडली का गळती?" आणि मग गल्लीतून बादल्यांचा खडखडाट, कारण पाणी फुकट चाललंय ही बातमी कुठल्याही गावात सर्वांत आधी पोचते.

मी दोन्ही तळहात भिंतीवर दाबून, तोंडावर फवारा झेलत, हसत उभी होते. तेवढ्यात त्या सगळ्या गोंधळातून तो आवाज आला.

"नळ बंद कर."

बाबांचा. जुना. पेपरामागचा. इतक्या महिन्यांनी.

ओ द्यावी असं वाटलं आणि देववेना. म्हटलं, थांब. आत्ता दुसरी हाक येईल, पेपर खाली करून, थोडी चिडलेली. ती ऐकू दे. ती एवढी ऐकू दे, मग ओरडून सांगते. आईची ओवीसुद्धा ओठांवर आली होती. मी गप्प राहिले.

दुसरी हाक आली नाही.

खुर्ची पडल्याचा आवाज आला, मग दारावर घाव. एक, आणखी एक. लोखंडाचे. जो माणूस दोन घास गिळून दमत होता, त्याने त्या फुगलेल्या दाराची फळी सळईने फोडली, बिजागरी निखळवली आणि दारासकट आत आला. मागे मावशी, मावशींमागे बादल्या घेतलेली गल्ली.

बाबांनी मला पाहिलं. उभी. भिजलेली. जिवंत.

त्यांच्या हातातून सळई पडली. त्यांनी माझे दोन्ही दंड धरले, इतके घट्ट की नंतर दोन दिवस वळ होते. धार आता मोकळी सुटून त्यांच्या पाठीवर आदळत होती. त्यांना त्याचा पत्ताच नव्हता.

"ओ का दिली नाहीस?" ते म्हणाले. "ओ का दिली नाहीस गं?"

वर काहीतरी करकरलं. धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. गच्चीवरून नळवाल्यांनी विचारलं, "झाला का बंद?" मावशींनी एकदा बाबांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, गल्लीला बादल्यांसकट मागे वळवलं, आणि माझं घर त्यांनी पहिल्यांदाच काही न विचारता सोडलं.

बाबा उपड्या बादलीवर बसले. केसांतून पाणी गळत होतं. मी त्यांच्यासमोर ओल्या फरशीवर टेकले. झाडांपलीकडून तो आवाज तसाच येत होता, न थांबणारा, एकसुरी. बाबांनी मान वळवून तो ऐकला.

वातावरण हलकं करावं म्हणून मी म्हटलं, "दुसऱ्या हाकेची वाट बघत होते. बाबा, तुम्ही दुसरी हाक मारलीच नाहीत."

त्यांनी फरशीवरच्या पाण्यात पडलेली सळई उचलून भिंतीला टेकवली.

"मारली होती," ते म्हणाले. "तुझ्या आईला. ती न्हाणीघरात होती, नळ वाहत होता. पहिल्या हाकेला तिची ओवी आली नाही. मला वाटलं, रुसलीय. मग दुसरी हाक मारली." त्यांनी दोन्ही तळहात कानांवर ठेवले. "आणि मी उठलो नाही गं. मी पान उलटलं."