जेवढं लागतं तेवढंच

पूर्णा जंक्शनच्या तिकीट खिडकीमागे बसणाऱ्या माणसाला आयुष्यात फारसं काही ठरवता येत नाही. गाडी कुठून निघणार, कुठं थांबणार, भाडं किती, सगळं वरून ठरून आलेलं. म्हणून सिद्धोधन घरी आला की ठरवत सुटायचा. घरातला संगणक हळू चालतो, तर त्यावर जेंटू टाकायचं, हेही त्यानं असंच चहा संपायच्या आत ठरवून टाकलं.

जेंटू म्हणजे लिनक्सचा एक प्रकार. त्यात प्रोग्रॅम शक्यतो आयते घ्यायचे नाहीत. मूळ कोड उतरवून घ्यायचा आणि आपल्याच संगणकाकडून त्याचा प्रोग्रॅम घडवून घ्यायचा. त्यात काय ठेवायचं, काय गाळायचं, ते मालकाच्या मर्जीवर.

"पाकिटातलं पीठ अन् आपली ज्वारी निवडून गिरणीतून आणलेलं पीठ, फरक असतो का न्हाई?" त्यानं बायकोला विचारलं.

"असतो की," धम्मशीला म्हणाली. "पण निवडायला कोण बसणार हाय?"

"मी!"

(लग्न झाल्यापासून त्यानं सुपाला हात लावलेला तिला आठवत नव्हता.)

"बसा. पण माझ्या धड्याला धक्का लावू नका. रविवारी अकराला माझा डेमो हाय."

धम्मशीला बी.एड. झालेली. इतकी वर्षं बैठकीत गल्लीतल्या लेकरांच्या शिकवण्या घेत होती. आता पुण्याच्या एका क्लासनं, परदेशातल्या मुलांना ऑनलाइन मराठी शिकवायच्या कामासाठी, तिला नमुन्याचा तास घ्यायला बोलावलं होतं. धड्याची चित्रं ती पंधरवडाभर बनवत होती. हे काम तिला मनापासून हवं होतं. झोपेतसुद्धा "बाळांनो" म्हणायची.

सिद्धोधननं "हूं" म्हणून धडा पेनड्राइव्हमध्ये नीट ठेवून दिला. त्याच्या मते विषय संपला.

मग तो निवडायला बसला. मोबाइलवरच्या व्हिडिओतला माणूस सांगत होता, जेंटू कुणी वापरावं? ज्याला आपल्याला काय लागतं ते नेमकं ठाऊक आहे, त्यानं. सिद्धोधनला वाटलं, हा आपल्यालाच ओळखतो. प्रिंटर नको. कॅमेरा नको (घरात बघण्यासारखं आहे काय?). माइक नको. स्पीकर नको, बातम्यांना टीव्ही आहे. जेवढं लागतं तेवढंच! याच तत्त्वावर त्यानं घर बांधलं होतं आणि स्वयंपाकघरात फ्रिजपुरता एकच प्लग ठेवला होता. तेव्हापासून त्यांच्या घरी मिक्सर बैठकीत चालतो आणि पाहुण्यांना चटणीआधी तिचा आवाज मिळतो.

संगणकाचं दळण सुरू झालं. लाईट ट्रिप होईल म्हणून मिक्सर बंद, इस्त्री बंद. धम्मशीलानं शेंगदाण्याची चटणी खलबत्त्यात कुटली. थंडीचे दिवस होते. संगणकाच्या तापलेल्या डब्याशेजारी दही मात्र झकास लागलं.

शनिवारी दुपारी काम उरकलं. "बघ, कसं पळायलंय!"

धम्मशीलानं सगळीकडे बघितलं. "कॅमेरा कुठं हाय?"

"कॅमेरा कशाला?"

"अहो, लेकरं मला बघणार कशी?"

सिद्धोधनच्या ध्यानात आलं. पण चूक कबूल करील तर तो सिद्धोधन कसला! "त्यात काय? कॅमेरा, माइक उद्यापर्यंत घालतो." पुन्हा दळण.

रविवारी सकाळी कॅमेरा चालू झाला. शेजारच्या रोहिणीला चाचणीचा कॉल लावला. रोहिणी पडद्यावर आली, हात हलवला. सिद्धोधननं मान ताठ केली. रोहिणीचे ओठ हलले. आवाज काही येईना.

"तुमी आवाज बी गाळला व्हय?" धम्मशीलानं विचारलं.

"बातम्यांना टीव्ही हाय म्हणून..."

"मग लेकरं काय टीव्हीत बोलणार हायत?"

पडद्यावर रोहिणी पोट धरून हसत होती. तिला सगळं नीट ऐकू जात होतं.

धम्मशीलानं पेनड्राइव्ह उचलला आणि शेजारी गेली. रोहिणीचा लॅपटॉप दुकानातून आणला तसाच होता, लागणाऱ्या-न लागणाऱ्या सगळ्या वस्तूंसकट.

सिद्धोधन एकटाच बसून राहिला. जेंटूचा काही दोष नव्हता. त्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं. व्हिडिओवाल्याचंही खोटं नव्हतं. स्वतःला काय लागतं ते सिद्धोधनला पक्कं ठाऊक होतं. पण या संगणकावर त्याच्याहून जास्त धम्मशीलाच बसायची, आणि तिला काय लागतं हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. त्याला स्वतःचीच लाज वाटली. हे काम हातचं गेलं तर तिला तोंड कसं दाखवायचं?

बारा वाजता ती आली. चेहरा फुललेला. "घेतलं मला!"

सिद्धोधन आनंदानं उठला. "स्पीकरचं बी आता करतोच. हे मशीनच लय..."

"मशीनला कशाला बोल लावायलात? तुमचं मला ऐकू येतं, माझं तुमाला न्हाई. लग्नापासून घर असंच चालू हाय."

सिद्धोधन खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. म्हणाला, "आता तूच सांग. अजून काय काय पाहिजे? सगळं घालतो."

"स्वयंपाकघरात प्लग."

सुट्टीच्या दिवशी वायरमन आला. आत संगणक पहाटेपासून स्पीकरचं दळण दळत होता. सिद्धोधन टेप घेऊन पुढे झाला. "प्लगचं असं करू, इथं खाली..."

"ताईनं जागा दाखवलीय," वायरमन म्हणाला. "तुमी निस्ता मेन बंद करा."

"जरा दम धरा की. आत आवाज तयार व्हायलाय."

वायरमननं कान देऊन ऐकलं. "मला तर काईच ऐकू येईना."

सिद्धोधननं निमूटपणे मेन खाली ओढला.