आकाराममामांची तीन तुकड्यांतली गोष्ट

आकाराममामा गोष्ट सांगायला लागले की आधी सायकलचा पंप हातात घ्यायचे. कोल्हापुरात शिवाजी पेठेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. रस्त्यावरून जाणाऱ्याच्या कानावर गोष्ट पडू नये म्हणून एकीकडे हवा भरायची आणि त्या फुसफुशीच्या आडून एकेक वाक्य सोडायचं, अशी त्यांची पद्धत. गोष्टीला रंग चढला की पंपालाही चढायचा आणि ऐन रंगात ट्यूब फाटकन फुटायची. ज्याची सायकल असेल तो बोंब मारायचा. मामा शांतपणे म्हणायचे, "गप की लेका. नवी ट्यूब घालतो तुला फुकट. पण काय ऐकलंस ते इसर."

त्या बिचाऱ्याने ट्यूब फुटल्याशिवाय दुसरं काही ऐकलेलं नसायचं.

ही गोष्ट सिनेमाची होती. मामांनी स्वतः रचलेली. त्यावर सिनेमा निघाला नव्हता, निघायची चिन्हंही नव्हती, पण मुंबईचे स्टुडिओवाले ती चोरायला टपून बसलेत याबद्दल मामांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. त्यांना तसा अनुभव होता. तरुणपणी ते इथल्याच एका स्टुडिओत लाइट धरायच्या कामाला होते. तिथे जेवणाच्या सुट्टीत त्यांनी एक विनोद सांगितला आणि पुढच्याच सिनेमात तो विनोदी नटाच्या तोंडातून बाहेर पडला. "माझ्यासमोर म्हटला त्यानं," मामा सांगायचे, "आन् त्याच्या तोंडावर लाइट कोण धरून हुता? मीच की!"

तेव्हापासून मामा सावध झाले. पुढे स्टुडिओतलं काम सुटलं, सायकलचं दुकान निघालं, पण सावधपणा काही सुटला नाही.

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. सत्तरच्या आसपासची ही गोष्ट. आमच्या घरात माझ्याआधी कुणी हायस्कूलची पायरी चढलेलं नव्हतं. वडील शाहूपुरीच्या बाजारात गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचे. तेव्हा बी.ए.चा मला अभिमान होता, आजही आहे, उगाच लाजून दाखवत नाही. गल्लीत माझं नावच बी.ए. पडलं होतं. एक दिवस मामांनी मला दुकानात बोलावलं, फळीवर बसवलं आणि पंप हातात घेतला.

"मामा, हे सगळं लिहून का ठेवत नाही?" मी विचारलं.

"कागदावर? कागद म्हंजे चोराला घरचा पत्ता दिल्यागत. बी.ए. झालास का नुसताच कालिजात हिंडून आलास?"

मग त्यांनी आपली व्यवस्था सांगितली. गोष्टीचे तीन तुकडे केलेले होते. सुरुवात ठेवली होती तालमीच्या म्हादबा वस्तादांकडे, कारण वस्तादांकडून काही हिसकावून घ्यायची कुणाची टाप नव्हती. मधला भाग ठेवला होता गफूरभाई शिंप्याकडे. गफूरभाईंच्या तोंडात दिवसभर टाचण्या, ते बोलणार कसे? आता शेवट माझ्याकडे द्यायचा होता.

"माझ्याकडेच का?"

"शिकलेली माणसं कुणाशी बोलत्यात कुठं?" मामा म्हणाले.

हा मान आहे की अपमान, हे मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण शेवट मी स्वीकारला. पंप फुसफुसत होता, मामांच्या कपाळावर घाम आला होता, आणि त्यांनी सांगितलं, "संध्याकाळ. त्यो घरला येतो. दार उघडं. ती आतनं म्हणती, आलासा? बसा, च्या टाकते. संपलं!"

ट्यूब फुटली.

मी कॉलेजात शोकांतिका शिकलो होतो, सुखांतिका शिकलो होतो. ही कुठल्या जातीत बसते ते कळेना. पण मामांचा घाम बघून वाटलं, मध्ये नक्कीच काहीतरी भयंकर घडलेलं असणार. खून, दरोडा, निदान खोटा आरोप तरी. त्याशिवाय असा साधा शेवट कोण करेल?

या व्यवस्थेत एकच नियम होता. आम्ही तिघांनी कधीही एकत्र बसायचं नाही. तुकडे जोडले जातील! मी हॉटेलात चहा पीत असताना वस्ताद आत शिरले, की पाठोपाठ मामा हजर. "बी.ए., ऊठ." अर्धा चहा टाकून उठायचं. गफूरभाईंच्या मुलीच्या लग्नात मामांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं आणि वस्तादांना शेवटच्या. गफूरभाई तर मुलीचे बाप, त्यांना कुठे हलवणार? मग वाढप संपेपर्यंत मामा स्वतः त्यांच्या आणि माझ्या मध्ये उभे राहिले, हातात पाण्याचा जग घेऊन. मला पाणी हवं होतं. त्यांनी दिलं नाही.

अनोळखी गिऱ्हाईक आलं की मामांचा पहिला प्रश्न ठरलेला. "पावणं, कुठल्या स्टुडिओचं?" एकदा जोतिबाहून परतणारा एक साधा माणूस पंक्चर काढायला थांबला. डोक्यापासून चपलेपर्यंत गुलालात माखलेला. मामांनी पंक्चर काढलं, पैसे घेतले, आणि तो गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाले, "बघितलंस? गुलाल लावून आलतं. म्हंजे तोंड वळखू येऊ ने."

नवा मराठी सिनेमा लागला की मामा पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला हजर. खिशात सायकलची घंटी. पडद्यावर आपल्या गोष्टीतलं काही दिसलं की घंटी वाजवून चोरी जाहीर करायची. गंमत अशी की पडद्यावर खून पडले, जुळे भाऊ भेटले, हवेल्या जळल्या, तरी घंटी गप्प. आणि नायिकेने दारात उभं राहून "लवकर या हं" म्हटलं, की ट्रिंग! कुंपणावर लुगडं वाळत घातलेलं दिसलं, ट्रिंग! एका सिनेमात तर उंबऱ्यावर मांजर बसलेलं दाखवलं तेवढ्यावर मामांनी घंटीचा खणखणाट केला.

"मामा, मांजर काय तुमचं एकट्याचं?" मी बाहेर आल्यावर म्हटलं.

"मांजर न्हवं. उंबऱ्यावर बसल्यालं मांजर माझं."

पिटातल्या मंडळींना याची इतकी सवय झाली होती, की घंटी उशिरा झाली तर लोकच ओरडायचे, "मामा, झोपला काय? त्यो बघा रहाट! चोरला, चोरला!"

मग एके वर्षी खरंच मुंबईची मंडळी शूटिंगला आली. पेठेतल्याच एका घरात त्यांनी मुक्काम टाकला. मामांनी दुकान बंद केलं, पंप घेतला आणि त्या घरासमोर जाऊन बसले. आत कॅमेरा सुरू झाला की बाहेर मामांची फुसफुस सुरू. मॅनेजर धावत आला.

"अहो, काय चाललंय हे?"

"हवा भरतोय."

"कशात?"

पंपाला सायकल जोडलेलीच नव्हती. मामांनी त्याच्याकडे खालून वर बघितलं. "कशात भरायची ते मी ठरवणार. रस्ता सरकारचा हाय."

त्याच वेळी आणखी एक आपत्ती ओढवली. नायिकेचे ब्लाउज ढिले होत होते, म्हणून युनिटने गफूरभाईंना आत बोलावून घेतलं. गोष्टीचा अख्खा मधला भाग घेऊन गफूरभाई थेट शत्रूच्या गोटात! मामांनी त्यांना दारातच गाठलं आणि एकच गोष्ट बजावली.

"गफूर, टाचण्या तोंडातनं काढू नगंस."

गफूरभाईंनी तोंडात टाचण्या असल्यामुळे नुसती मान हलवली.

महिने गेले. तो सिनेमा पुरा होऊन कोल्हापुरात लागायचा दिवस आला, आणि आदल्या दिवशी गफूरभाई माझ्या दारात उभे. चेहरा कापसासारखा.

"बी.ए., माझ्या हातनं घात झाला. टाचण्या काढल्या मी."

"का?"

"च्या दिला की त्यांनी! टाचण्या ठेवून च्या कसा पिणार? आन् तिथं त्यो डायरेक्टर त्या बाईला म्हणत हुता, नवऱ्याला च्या देताना कायतरी वेगळं करा. बाईला कायबी सुचंना. माझ्या तोंडातनं निघून गेलं, बशी गालाला लावून बघा, च्या निवला का कळतं. अल्लाकसम, निघून गेलं! ते आकारामच्या गोष्टीतलं हाय. माझ्याच तुकड्यातलं." त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "एवढ्या वर्सांची दोस्ती. आता तोंड बघायचा न्हाई माझं त्यो."

आम्ही बेत केला. ते दृश्य यायच्या जरा आधी मी मामांना बाहेर न्यायचं. दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला आम्ही गेलो. नियमाप्रमाणे वस्ताद पुढे, गफूरभाई मध्ये, मी मागे, आणि मामा कडेच्या खुर्चीत, मांडीवर घंटी. सिनेमा सुरू झाल्यावर थोड्या वेळाने नायिका त्या दिवशीच्या ब्लाउजमध्ये दिसली, तसे गफूरभाई नियम मोडून माझ्या शेजारी येऊन बसले आणि त्यांनी माझं मनगट धरलं.

"आता. आता न्हे त्याला."

मी वाकत वाकत मामांपर्यंत गेलो. "मामा, बाहेर कोणीतरी बोलावतंय. मुंबईचे पाहुणे दिसतात."

"बसू दे त्यास्नी," मामा पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "चोरी आत हुतीया, भाईर न्हवं."

आणि ते दृश्य आलंच. नवरा घाईत. नायिका चहा बशीत ओतते, बशी उचलते, गालाला लावते, क्षणभर डोळे मिटते आणि मग त्याच्यापुढे धरते. एवढंच. मी मामांच्या खुर्चीशेजारी उकिडवा बसून घंटीची वाट बघत होतो. मागे गफूरभाई काहीतरी पुटपुटत होते, बहुधा प्रार्थना.

घंटी वाजली नाही.

सिनेमा संपला. दिवे लागले. लोक बाहेर पडताना ओरडत होते, "मामा, आज घंटी मोडली का काय?" मामा जागचे हलले नाहीत. जवळ जाऊन बघितलं तर घंटी त्यांच्या एका मुठीत होती आणि दुसरा तळवा त्यांनी तिच्यावर गच्च दाबून धरला होता. चुकूनही वाजू नये असा.

गफूरभाई समोर येऊन उभे राहिले. "आकाराम, मी टाचण्या काढल्या. काय करायचं ते कर."

वस्तादही आले. त्यांना निम्मंच कळलं होतं. "कुणाला उचलून आपटायचं तेवढं सांग," ते म्हणाले. मी म्हटलं, "मामा, मी नोटीस लिहितो. इंग्रजीत."

मामांनी गफूरभाईंकडे बघितलं. "गफूर, गाल चुकला."

"काय?"

"त्या बाईनं उजवा लावला. डावा पायजे. पारूची उजवी दाढ दुखायची. उजव्या गालाला गरम लागू द्यायची न्हाई ती."

पारू कोण, ते मला आणि गफूरभाईंना ठाऊक नव्हतं. वस्ताद खाली बघायला लागले. ते मामांना लहानपणापासून ओळखत होते. "ह्याची बायको," ते हळू म्हणाले. "तुमी पेठंत यायच्या आधी गेली."

"किती वर्सं लाइट धरला," मामा रिकाम्या पडद्याकडे बघत म्हणाले. "कुणाकुणाच्या तोंडावर उजेड पाडला. हिच्या तोंडावर एकदाबी न्हाई. कॅमेरे एवढे पडल्याले, पण उद्या काढू फोटू, उद्या काढू. एक फोटू न्हाई घरात." मग आम्हा तिघांकडे वळले. "बसा. आता जोडा."

आम्ही घाबरतच एका रांगेत बसलो. पहिल्यांदाच. वस्तादांनी घसा खाकरला. "सकाळ. ती विहिरीवरनं पाणी आणती. लुगडं वाळत घालती. उंबऱ्यावर मांजर. त्यो कामाला निघतो. ती दारातनं म्हणती, लवकर या." ते थांबले. "माझं एवढंच. दरोडा गफूरकडं आसंल."

"माझ्याकडं कुठला दरोडा?" गफूरभाई दचकले. "दुपारी त्यो डबा इसरला म्हणून घरला येतो. घाईत आसतो. ती च्या बशीत निवविती, गालाला लावून बघती, देती. बस्स. मला वाटलं, खून बी.ए.कडं हाय."

तिघेही माझ्याकडे बघू लागले. माझ्याकडे खून नव्हता. मी सांगितलं, "संध्याकाळ. तो घरी येतो. दार उघडं असतं. ती आतून म्हणते, आलासा? बसा..." आणि एवढा बी.ए. झालेला मी, पुढचं साधं वाक्य मला म्हणता येईना.

"च्या टाकते," मामांनीच पुरं केलं. "ती गेली त्या दिवशी शूटिंग लांबलं. घरला आलो तर दार उघडं हुतं, पण बायाबापड्या जमलेल्या. म्हणून गोष्टीत त्येवढं बदलून घेतलंय."

दाराशी डोअरकीपर किल्ल्या वाजवत होता. सहाच्या खेळासाठी हॉल रिकामा करायचा होता. गफूरभाई एवढंच म्हणाले, "मला माफ कर, आकाराम."

"माफ कशाचं लेका? तुझ्यामुळं एवढ्या लोकांनी बघितलं तिला." मामा उठले. घंटी त्यांनी रुमालात नीट गुंडाळली, आवाज होणार नाही अशी, आणि खिशात घातली. "बी.ए., सहाची तिकिटं काढ. चार. एका रांगेत."

सहाच्या खेळाला आम्ही चौघे खेटून बसलो. चहाचं दृश्य आलं. नायिकेने बशी उचलली, आणि मामा अंधारात पुढे झुकून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "डावा गं बाई. डावा."

मागच्या रांगेतून कुणीतरी "शूऽऽ" केलं. म्हादबा वस्ताद नुसते मान वळवून मागे बघायला लागले, आणि दृश्य संपेपर्यंत बघतच राहिले.