गार पडलेला लॅपटॉप

समीक्षाचा लॅपटॉप झाकण मिटूनही झोपत नसे, आणि त्यापायी समीक्षालाही झोप नव्हती. त्या एका यंत्रावर चार आभासी संगणक चालत आणि त्या चौघांवर हायपरव्हायजर नावाचा मुकादम. झाकण मिटलं की चौघे मुकाट पडत, पण मुकादम प्रोसेसरला गाढ झोपू देत नसे. रात्रीत बॅटरी संपे, बॅग तव्यासारखी तापे. "एवढंसं तर काम आहे," असं वरिष्ठ ओंकार सर दर सोमवारी म्हणत आणि दर सोमवारी तिच्या डोक्यात तिडीक जाई.

महिनाभर खपून तिने मुकादमाला वठणीवर आणलं. आंबीच्या एका कारखान्याचे साहेब असे लॅपटॉप घेणार होते. अट एकच: दिवसरात्र मिटलेला लॅपटॉप त्यांच्यासमोर उघडायचा, बॅटरी फारशी उतरलेली नको. जमलं तर समीक्षा नोकरीत कायम. आदल्या सकाळी नव्वद टक्क्यांवर झाकण मिटून, कुणी हात लावू नका असं घरच्यांना बजावून ती कामाला गेली. संध्याकाळी लॅपटॉप जागच्या जागी होता. दुसऱ्या सकाळी तो न उघडताच तिने टाकव्याच्या घरून आंबीला नेला. ओंकार सरही तिथे आले होते.

साहेबांनी झाकण उघडलं. बॅटरी शंभर टक्के.

"झोपेत वाढली?" साहेबांनी चष्मा वर केला.

चार संगणकांपैकी एकाचाही पत्ता नव्हता. पडद्यावर गुलाबाचं फूल आणि त्यावर झगमगीत अक्षरं: 'इर्शाद मोबाईल, कामशेत'. खाली नंबर. समीक्षाने बाहेर येऊन दातओठ खात घरी फोन लावला.

"गार पडला व्हता गं," आई म्हणाली. "रोज कसा उबदार लागायचा. म्हनलं, गेला. तुजे बाबा कामशेतला घेऊन गेले. इर्शादनं आतलं समदं पुसून नवं घातलं, चार्जिंगबी केलं. तू आधीच चिडल्याली, म्हनून बोललो न्हाई."

"आई, तो गार पडावा म्हणूनच महिनाभर मरत होते मी."

"मग पडला व्हता की. रागावतीस कशाला?"

ती आत आली तेव्हा साहेब लॅपटॉप पुन्हा मिटून त्यावर हात ठेवून बसले होते. आत मुकादमच उरला नव्हता, त्यामुळे लॅपटॉप गारेगार, ढाराढूर झोपला होता. फारच छान, असं साहेब म्हणाले.

"यात माझं काही नाही," समीक्षा ताडकन म्हणाली. "माझं काम त्या दुकानदारानं पुसलं. हे सगळं त्याचं."

ओंकार सरांनी तिला हलकेच बाजूला घेतलं.

"हा इर्शाद," त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "सध्या कुठे कायम आहे का?"